धुतलेला वास

आमच्या थोरल्या जाऊबाईला सगळी गल्ली 'कडक' म्हणते, आणि कुणीही ते लाडाने म्हणत नाही. आमची लाँड्री आहे. कपडे टाकायला आलेला माणूस आधी पायरीवरून डोकावून बघतो, काउंटरवर कोण बसलंय. मी असले तर आत येतो. ती असली तर पुढे निघून जातो, कोपऱ्यावर उगाच घुटमळतो, परत येतो, आणि तरीही तीच दिसली तर गठ्ठा काखेत मारून घरी जातो. असं असून धंदा चालतो, कारण तिच्यासारखी खळ दुसऱ्या कुणाला जमत नाही. तिच्या हाताखालून गेलेला शर्ट जमिनीवर ठेवला तर उभा राहील. ती स्वतःही तशीच आहे. कॉलर ताठ, मान ताठ आणि जिभेचं तर विचारूच नका.

तोंडावर मी तिला 'अहो जाऊबाई' म्हणते आणि मनात 'अगं ए'. इथे मनातलंच लिहायचंय, तेव्हा 'ती'च म्हणणार. कुणाला खटकलं तर खटकू दे.

गिऱ्हाइकाच्या कपड्यावरचा डाग म्हणजे तिच्या लेखी गिऱ्हाइकाच्या वागणुकीचा दाखला. कपडा काउंटरवर पसरायचा, डागावर बोट ठेवायचं आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "हा कसला?" एकदा शाळेचे मुख्याध्यापक पँट घेऊन आले. गुडघ्यावर हिरवे डाग. "गवताचा आहे," ते बिचारे म्हणाले. "ते दिसतंय मला," ही म्हणाली. "शाळेत रांगायला शिकवता का?" मागे दोन आया उभ्या होत्या. मुख्याध्यापकांनी त्यानंतर आमच्याकडे कपडे टाकले नाहीत. त्यांची बायको आणून देते आणि मी बसलेली असेन तेव्हाच आणते.

तर अशी ही बाई. आमचं दोघींचं नातं विळ्या-भोपळ्याचं आहे, आणि ते लपवायचा आम्ही दोघींनीही कधी खटाटोप केला नाही. आमचे हे, म्हणजे तिचे धाकटे दीर, गाडी घेऊन हॉटेलांच्या चादरी गोळा करत फिरतात. घरी कमी आणि गाडीत जास्त असतात. मला वाटायचं कामाची आवड आहे. नंतर कळलं, त्यांना शांतता आवडते.

खाली पुढे दुकान. दुकानामागे बॉयलर आणि इस्त्रीची मोठी टेबलं. त्यामागे लोकरीची खोली, आणि वरच्या मजल्यावर आम्ही. लोकरीची खोली ही आमच्या लाँड्रीची खासियत. थंडी सरली की लोक कोट, स्वेटर, ब्लँकेटं आमच्याकडे धुवायला टाकतात आणि पुढच्या थंडीपर्यंत तिथेच ठेवतात. भिंतभर कपाटं, आणि कसर लागू नये म्हणून प्रत्येक कपाटात मुठी-मुठीने डांबरगोळ्या. त्या खोलीची किल्ली कडकच्या कमरेला. आजवर एका स्वेटरला भोक पडलेलं नाही, हा तिचा अभिमान. तो तिने मला इतक्या वेळा ऐकवलाय की मला झोपेतही म्हणता येईल.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तो वास थेट डोक्यात जायचा. जेवताना घासाला तोच वास, उशीला तोच, नवऱ्यालाही तोच. मी नाक मुरडलं तर सासूबाई म्हणाल्या, "वर्षभरात जाईल." तसंच झालं. वास कुठेच गेला नाही, माझं नाक गेलं. या घरात त्या वासाला नाव आहे, 'धुतलेला वास'. कपडा वाळला, इस्त्री झाली, तरी सासूबाई हुंगून म्हणायच्या, "अजून धुतलेला वास येत नाही, ठेव परत कपाटात." पुढे मीही तेच म्हणायला लागले, आणि तो वास आपल्याला येत नाही, आपण नुसतं म्हणतोय, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आता वैर कशावरून पडलं ते सांगते.

माझ्या लग्नाच्या आधी कडकला एक मुलगी झाली होती. ऐन थंडीत झाली. चांगली गुटगुटीत होती म्हणे. मग अचानक तिने दूध सोडलं. छातीशी धरलं की तोंड फिरवायची. अंग पिवळं पडलं, रडायचंही त्राण उरलं नाही, आणि गेली. डॉक्टरने कावीळ म्हटलं. सासूबाईंनी दुसरंच म्हटलं. "आईच्या दुधातच खोट होती," असं त्या मला सांगायच्या, तेही कडकला ऐकू जाईल अशा बेताने. "हिच्या हाताला यश नाही. कपड्यांना आहे, जिवंत काही नाही टिकत." त्यानंतर कडकला मूल झालं नाही. थोरले दीरही पुढे हृदयाच्या दुखण्याने गेले. सासूबाईंनी तेही तिच्याच खात्यावर मांडलं आणि मग स्वतः गेल्या.

मला मुलगी झाली तेव्हाही थंडीच होती. कडक माझ्या खोलीत आली. हातात घडी घातलेला गठ्ठा. टोपडं, मोजे, मऊ पांढरं गुंडाळणं, सगळं लोकरीचं, तिच्या मुलीच्या वेळचं, कपाटातून काढलेलं. माझ्या पलंगावर ठेवलं आणि म्हणाली, "हिला यात गुंडाळ." गरोदरपणात माझं नाक पुन्हा जागं झालं होतं. कशानेही मळमळायचं. तो गठ्ठा आला आणि तो जुना वास पुन्हा थेट डोक्यात गेला. मी तो पायाने नाही, हातानेच पण जोरात ढकलला. म्हटलं, "नको. वास येतो याला."

"कसला वास?" ती म्हणाली.

"येतो. घेऊन जा."

मी डांबरगोळ्यांबद्दल बोलत होते. तिने स्वतःबद्दल ऐकलं. तिचा चेहरा बघून मला ते कळलंही. पण खुलासा कशाला करायचा? मी काय कोर्टात उभी होते? ओली बाळंतीण होते, झोप नव्हती आणि तो गठ्ठा मला नको होता. तिने तो उचलला, जुन्या घडीवरच पुन्हा घडी घातली आणि गेली. त्या दिवसापासून माझ्या मुलीला तिने एकदाही उचललं नाही आणि मला एकदाही सरळ उत्तर दिलं नाही. मुलगी शिकली, मोठी झाली, परगावी नोकरीला लागली. भांडण मात्र घरीच राहिलं. लोक मला विचारतात, एवढ्याशा गोष्टीवरून? मी म्हणते, माझं चुकलं नव्हतं. तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. नको होतं, नको म्हटलं.

आता मांजर.

बॉयलरच्या उबेला एक राखाडी मांजरी येऊन पडायची. कडक तिला 'अवदसा' म्हणायची. "ए अवदसे, ऊठ, पाय पडेल." अवदसा उठायची नाही, ही तिला ओलांडून जायची. माणसांना तुडवून जाणारी ही बाई मांजरीला ओलांडून जायची हे मी बघून ठेवलं होतं. मग एके सकाळी काउंटरखालच्या फडताळात, लोकांनी न नेलेल्या कपड्यांत, अवदसा व्याली. चार पिल्लं. डोळे मिटलेली, उंदरांएवढी, एकमेकांच्या अंगावर चढणारी.

मी साधी गोष्ट बोलले. म्हटलं, "जाऊबाई, काळ्या कोटांवर केस चिकटतील. टोपलीत घालून बागेतल्या माळ्याकडे देते." धंद्याचं बोलणं होतं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. मला मांजरांची शिसारी आहे, ते वेगळं.

"हात तर लावून बघ," ती म्हणाली.

म्हणजे मी हाकला म्हटलं म्हणून पिल्लं राहिली. मी ठेवा म्हटलं असतं तर त्याच दुपारी रस्त्यावर गेली असती, असं मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "मग तसं म्हणायचं होतंस." आणि गाडीत जाऊन बसले.

पिल्लं लुचायची. वाफेच्या फुसफुसाटातही त्यांची ती चुकचुक ऐकू यायची. कडक इस्त्री उचलून धरायची आणि ऐकत राहायची. एकदा तर एका कोटाच्या बाहीला त्यामुळे चटका बसला. कोट कुणाचा होता ते सांगत नाही, त्याला अजून कळलेलं नाही. त्या बाईच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मला आवडलं नाही. ज्याच्याशी वैर धरायचं त्याने असा चेहरा करू नये. गैरसोय होते.

मग थंडीचा कडाका पडला. सुट्टीच्या दिवशी बॉयलर बंद, फरशी बर्फासारखी. कडकने पिल्लांची सोय केली. मोठं खोकं घेतलं, लोकरीच्या खोलीतून सगळ्यात मऊ ब्लँकेट काढलं, कुणीतरी वर्षानुवर्षं न नेलेलं, ते दुमडून आत घातलं आणि खोकं त्या खोलीतच ठेवलं. बॉयलरला लागून भिंत, ती सुट्टीच्या दिवशीही कोमट राहते, त्यामुळे ऊब. खिडकी कायमची बंद, त्यामुळे वारा नाही. दारही ओढून घेतलं. घरातली सगळ्यात उबदार, सगळ्यात स्वच्छ जागा तिने त्या पिल्लांना दिली. माझ्या माहितीत तिने कुणासाठी एवढं केलेलं नाही.

अवदसेला मात्र ते पटेना. दार उघडलं रे उघडलं की ती एकेका पिल्लाला मानेला धरून बाहेर आणायची आणि बोळात थंडगार फरशीवर ठेवायची. कडक पुन्हा उचलून आत न्यायची. ती पुन्हा बाहेर. ही पुन्हा आत. "आई आहेस का वैरीण?" कडक तिच्यावर ओरडायची. "गारठून मारतेस काय लेकरांना? अक्कल गहाण टाकलीस?" शेवटी तिने मांजरीसकट दार बंद करायला सुरुवात केली. आत मांजरी ओरडायची. मी म्हटलं, "तिला नको आहे ती जागा." तर मला उत्तर मिळालं, "तुला कशी कळली गं तिची भाषा? तुमची जात एक दिसते."

आणि पिल्लं लुचेनाशी झाली.

आधी एक, मग सगळीच. अवदसा आडवी पडायची, अंग देऊन वाट बघायची. कडक पिल्लाला उचलून आचळाशी न्यायची, ते तोंड फिरवायचं. ड्रॉपरने दूध घातलं तर ओठांच्या कडेने बाहेर. पोटं खपाटीला गेली. सारखी वळवळणारी पिल्लं ठेवली तिथे पडून राहू लागली. कडक खाली बसायची, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर पिल्लू, आणि बोटाच्या टोकाने त्याचा जबडा हलवायची. काउंटरवर घंटी वाजायची, गिऱ्हाइकं परत जायची. तिला त्याचं काही नव्हतं. तिला ती पिल्लं प्यायला हवी होती. दुसरं काही नको होतं तिला.

मी हँगर आणायला गेले होते, तिला दिसले नाही. ती स्वतःशीच बोलत होती. "अशीच. अगदी अशीच. अशीच तोंड फिरवायची." मी हँगर न घेताच परत आले.

सगळ्यात लहान पिल्लू सकाळी मेलं. आणि त्या सकाळी, दुकान भरलेलं असताना, ती आतून आली आणि काउंटरवर दुधाची वाटी आपटली.

"काय घातलंस यात?"

"कशात?"

"दुधात. पहिल्यापासून तुला ती नको होती. टोपली घेऊन आली होतीस. काय घातलंस?"

चार गिऱ्हाइकं, त्यातली दोन गल्लीतली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी वाटी उचलली आणि सगळ्यांसमोर घटाघटा पिऊन टाकली. मग म्हटलं, "दुधात खोट शोधू नका, जाऊबाई. तुमच्या हातात आजवर काय टिकलंय?"

सासूबाईंचंच बोलणं, माझ्या तोंडून. कडक आपल्या हातांकडे बघत उभी राहिली. मग हात मागे घेतले आणि आत गेली. मी पावत्या फाडत राहिले. ती विष घालणारी म्हणाली मला. विष! मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं नंतर ह्यांनी सुचवलं. मी म्हटलं, तुम्ही गाडीत जाऊन बसा.

दुपारी जनावरांचा डॉक्टर त्याचे पांढरे कोट न्यायला आला. तरुण, चष्मेवाला. आमच्या दुकानात शिरताना कायम नाकाला रुमाल लावायचा. आम्ही दोघींनी, वेगवेगळं पण सारखंच, ठरवून टाकलं होतं की हा शिष्ट आहे. लोकांचे मळके कपडे बघून नाक दाबतो, स्वतः दिवसभर गाईगुरांत असतो ते नाही.

मी कोट काढायला वळले तर कडक पुढे आली. "कोट आत आहेत. या."

"आणून दिले तर..." तो म्हणाला.

"मी तुमची मोलकरीण नाही. या म्हटलं ना."

कोट माझ्या हातात होते. ती खोटं बोलत होती आणि तिला विनवणी करता येत नाही म्हणून धमकी देत होती. तो माझ्याकडे बघू लागला. मी कोट काउंटरखाली टाकले. म्हटलं, "जा, आतच आहेत." का म्हटलं, मला विचारू नका. पाठोपाठ मीही गेले, कारण तमाशा बघायचा होता.

लोकरीच्या खोलीचं दार उघडलं आणि डॉक्टर शिंकायला लागला. एकामागून एक शिंका. डोळ्यांतून पाणी. "बापरे! इथे काय सांडलंय?"

"कुठे काय सांडलंय?"

"हा वास!"

"कसला वास?" आम्ही दोघी एकदम म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या तोंडून एकच वाक्य निघालं असेल.

तो आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. मग खोक्याशी उकिडवा बसला. ब्लँकेटची घडी उचलली तर आतून झिजून वाटाण्याएवढी झालेली एक डांबरगोळी घरंगळली. त्याने पिल्लू उजेडात नेलं आणि ओठ वर करून दाखवला. "हिरड्या बघा. रंगच नाही. या गोळ्या मांजरांना विष असतात हो. इवल्याशा जिवाचं रक्त नासतं. अंगात त्राण राहत नाही, भूक मरते, मग दुधाकडे तोंडच करत नाहीत. आई यांना बाहेर नेत होती का?"

"नेत होती," कडक म्हणाली.

"तिला कळलं होतं. आधी यांना इथून काढा. कोमट पाण्याने अंग पुसा, कोरडं करा, उबेत ठेवा आणि मगच आईजवळ द्या. गार पिल्लाला दूध पचत नाही. वाचतील तेवढी वाचतील." तो चष्मा पुसू लागला. "तुम्हाला खरंच हा वास येत नाही?"

कडकचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती कपाटांकडे बघत होती. मग तिने विचारलं, आणि इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"माणसाच्या पोराला चालतं ना?"

"काय?"

"तान्ह्या मुलीला. थंडीत. गुंडाळायला."

तो बिचारा काय जाणे! शिंका आवरत, मदत करायच्या उत्साहात म्हणाला, "छे छे! तान्ह्या बाळाला तर मुळीच नाही. कधीकधी फार बाधतं. पिवळी पडतात, दूध सोडतात. एखादं दगावतंसुद्धा. घरच्यांना वाटतं साधी कावीळ..."

"काहीतरी बोलू नका हो!" मी ओरडले. इतक्या जोरात की मांजरी कपाटाखाली पळाली. "शिकलात म्हणून काहीही ठोकून द्याल? आमची पोरगी याच कपाटातल्या कपड्यांत वाढली. टोपडं, मोजे, सगळं इथलंच! घोड्यासारखी आहे! कुठे काय झालं तिला?"

"सगळ्यांनाच होतं असं नाही..." तो गडबडला.

"मग तसं आधी सांगा ना! आले मोठे! जनावरांचे डॉक्टर आहात, जनावरांचं बघा!"

मी त्याला दंडाला धरूनच बाहेर आणलं, कोट हातात कोंबले आणि पायरीवरून उतरवलं. परत आले तर कडक तशीच उभी. तिच्या हातात ते ब्लँकेट होतं आणि ती त्याची घडी घालत होती. घडी नीट बसली. तिने ती मोडली आणि पुन्हा घातली.

पुढचं काम मलाच करावं लागलं. मी घमेल्यात कोमट पाणी घेतलं, तीन पिल्लं वर स्वयंपाकघरात नेली. कडक दाराशी उभी, दोन्ही हात पाठीमागे.

"या ना," मी म्हटलं.

"तू कर. माझा हात नको."

"मला मांजरांची शिसारी येते."

"माझा हात नको म्हटलं ना!"

"हात नको तर नको. खांबासारख्या उभ्या तरी राहू नका. टॉवेल धरा." मी ओलं पिल्लू उचलून तिच्या अंगावरच टाकलं. पडलं असतं. तिला हात पुढे करावेच लागले. टॉवेलात घेऊन ती ते पुसू लागली, आणि कपडा पुसावा तसं नाही, शिवलेली एखादी जखम पुसावी तसं. मी दुसरं भिजवलं. शेगडीजवळ जुन्या चादरींची गादी केली, अवदसेला आणून तिथे ठेवलं. ती सगळ्यांना चाटत सुटली.

मग कडक खाली गेली आणि लोकरीच्या खोलीतून धडाधड आवाज येऊ लागले. जाऊन बघते तर सगळी कपाटं उघडी, कायमची बंद खिडकी तिने हातोडी मारून उघडलेली, आणि ती मुठी-मुठीने डांबरगोळ्या बादलीत टाकते आहे. खिशाखिशांतून काढते आहे. थंड वारा सरळ आत.

"अहो, लोकांनी अजून न नेलेले कपडे आहेत," मी म्हटलं. "कसर लागेल."

"लागू दे."

"भोकं पडतील सगळ्याला."

"पडू दे."

ती बादली घेऊन मागच्या बाजूला गेली. मी थोडा वेळ तिथे थांबले. थंडी वाजत होती आणि मला कसलाही वास येत नव्हता.

संध्याकाळच्या आत एक पिल्लू लुचायला लागलं. आधी नुसतंच तोंड लावून पडलं, मग गळा हलला. दुसरं त्याच्या मागोमाग. तिसरं मात्र वाचलं नाही, ते आईच्या कुशीतच गेलं. कडक जमिनीवर बसून बघत होती. त्या चुकचुकीकडे तिचे कान होते, पण त्या कोटाच्या बाहीला चटका बसला तेव्हाचा तो चेहरा आता नव्हता. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू खोटं का बोललीस?"

"कधी?"

"त्या डॉक्टरला. तुझी पोरगी या कपड्यांत वाढली म्हणून."

मी शेगडीजवळची चादर सारखी करू लागले.

"तू तो गठ्ठा ढकलून दिला होतास. वास येतो म्हणालीस."

मी कंबर कसली. म्हटलं, आता सुरू होणार. इतकी वर्षं आत कोंबून ठेवलेलं सगळं आता काढणार ही, आणि माझ्याकडेही उत्तरं तयार होती. वर्षानुवर्षं घासून पुसून ठेवलेली. माझं चुकलं नव्हतं, हे एकदा, फक्त एकदा तिच्या तोंडून ऐकायला माझा जीव आसुसला होता.

तिने बोटाने पिल्लाच्या डोक्यावरचे केस सरळ केले.

"बरं केलंस," ती म्हणाली.

आणि घंटी वाजली म्हणून खाली काउंटरवर गेली. मी तिथेच बसून राहिले. भांडायला एक शब्द सापडेना.